अण्णाच्या खुर्चीत

घरात कुणी महिनोन्‌महिने गप्प झाला, भरल्या ताटावरून उठून गेला, रात्री अंगणात येरझाऱ्या घालू लागला, की आपल्याकडे एक वाक्य तयार असतं. "नाटकं करायलाय." सांगली-मिरजेकडे ते इतकं तोंडात बसलेलं आहे की आपण काही लागट बोललो, असं बोलणाऱ्याला वाटतही नाही. झोप उडालेल्या माणसाची नाटकं, छातीत धडधडणाऱ्या सुनेची नाटकं, परीक्षेआधी ओकाऱ्या काढणाऱ्या पोराची नाटकं. आणि हे त्या गावात, ज्याला मराठी माणूस नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर'चा खेळ केला तो इथं, पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं. त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. त्याच गावात दुखणाईत माणसाच्या तोंडावर मारायला 'नाटक' हाच शब्द सापडतो.

सायकोड्रामा, मराठीत मनोनाट्य, ही उपचारपद्धती नेमका हाच शब्द हातात घेते. जिथं घरचे म्हणतात "नाटकं बंद कर", तिथं ती म्हणते, "सांगू नका, करून दाखवा." माणूस आपली अडचण सांगत बसत नाही. ती जिथं घडली ती जागा चार खुर्च्यांनी उभी करतो, तिथली माणसं गटातून निवडतो आणि प्रसंग पुन्हा जगतो; आणि या वेळी थांबता येतं, मागं जाता येतं, समोरच्याच्या जागी उभं राहता येतं.

या पद्धतीचा जनक जेकब लेव्ही मोरेनो. १८८९ मध्ये बुखारेस्टला जन्म, व्हिएन्नात वैद्यकीय शिक्षण, १९२५ मध्ये अमेरिकेला प्रयाण, १९७४ मध्ये मृत्यू. १ एप्रिल १९२१ या दिवशी त्यानं व्हिएन्नाच्या एका नाट्यगृहात रंगमंचावर लाल मखमलीचं सिंहासन ठेवलं आणि प्रेक्षकांना आवाहन केलं, की महायुद्धानं विस्कटलेल्या या देशाचा राजा कोण होईल, त्यानं यावं आणि राज्य कसं करणार ते सांगावं. संहिता नव्हती, नट नव्हते. तो प्रयोग म्हणावा तसा जमला नाही, पण मनोनाट्याचा जन्म मोरेनो त्याच दिवसापासून मोजत असे. पुढे त्यानं उत्स्फूर्त नाटकांची मंडळी उभी केली. तिच्यात सालस, सोज्वळ भूमिका करणारी एक नटी होती. ती घरी मात्र नवऱ्यावर भयंकर तुटून पडते, हे मोरेनोच्या कानावर आलं. त्यानं तिला रस्त्यावरच्या, शिवराळ बाईची भूमिका दिली. रंगमंचावर राग मनसोक्त वापरायला मिळाला, तसं घरचं भांडण सौम्य होत गेलं. मग त्यानं नवऱ्यालाही रंगमंचावर बोलावलं आणि दोघांना त्यांच्या घरातलेच प्रसंग करायला लावले. या पद्धतीचं बीज ते.

भाव्यांच्या खेळात पदं लिहिलेली असत, संवाद मात्र पात्रं आपल्या बुद्धीनं जागेवर बोलत. तमाशाच्या वगाची रीतही हीच. काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीच्या दारातच आहे. कथा ठाऊक असायची, बोलणं समोरच्याच्या बोलण्यातून सुचायचं. मोरेनोला हेच हवं होतं. त्यानं उत्स्फूर्ततेची केलेली व्याख्या आजही कामाची आहे: नव्या प्रसंगाला पुरेसा पडेल असा प्रतिसाद, किंवा जुन्याच प्रसंगाला नवा प्रतिसाद. भावाचा चेहरा दिसला की जबडा आवळायचा, हा जुन्या प्रसंगाला जुनाच प्रतिसाद झाला. मनोनाट्याची सगळी खटपट त्या आवळलेल्या जबड्यासाठी असते.

भाव्यांच्या नाटकातून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मनोनाट्य चालवणाऱ्याला पुस्तकं दिग्दर्शक म्हणतात; त्याला सूत्रधार म्हणणं जास्त बरोबर ठरेल. दिग्दर्शक तालीम घेतो आणि प्रयोगाच्या वेळी अंधारात बसतो. भाव्यांचा सूत्रधार खेळ संपेपर्यंत रंगमंचावर उभा असे. मनोनाट्य चालवणारा मानसोपचारतज्ज्ञही तसाच सगळा वेळ माणसाच्या बाजूला, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर असतो. त्यामुळे इथून पुढे सूत्रधारच म्हणू.

मोरेनोनं पाच साधनं सांगितली: रंगमंच, ज्याचा प्रसंग आहे तो नायक, सूत्रधार, साहाय्यक पात्रं आणि बाकीचा गट. अमेरिकेत बीकन गावी १९३६ मध्ये त्यानं इस्पितळ काढलं, त्यात एकाबाहेर एक अशा गोल पायऱ्यांचा रंगमंच होता, वर सज्जा होता. आपल्याला एवढं लागत नाही. साधारण १५ बाय २० फुटांची खोली, दार बंद होणारी, बाहेरून कुणी डोकावणार नाही अशी. गट ८ ते १२ जणांचा. सहापेक्षा कमी झाले तर पात्रांना माणसं पुरत नाहीत, पंधराच्या वर गेले तर शेवटी प्रत्येकाला बोलायला वेळ मिळत नाही. खुर्च्या हलक्या आणि बिनहाताच्या. त्या सतत उचलाव्या लागतात. आठ-दहा रंगांच्या ओढण्या, दोन उशा, पाण्याचा तांब्या. ओढण्या फार उपयोगी पडतात. लाल ओढणी राग होते, पांढरी आजी होते, निळी जमिनीवर पसरली की कृष्णा होते.

वेळ दोन ते अडीच तास. त्यात पहिली २५-३० मिनिटं तयारी, तासभर प्रत्यक्ष प्रसंग, उरलेला वेळ गटाच्या बोलण्याला. ही शेवटची ३०-४० मिनिटं कधीही खर्चून टाकू नयेत. नवखा सूत्रधार प्रसंगात रमतो, घड्याळ विसरतो आणि माणसाला भळभळत्या अवस्थेत एसटी स्टँडवर पाठवतो. या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष कुठला म्हणाल, तर तो चालवणाऱ्याच्या घड्याळात असतो.

गट जुळवताना आपल्याकडे एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. इथं माणूस आडनावावरून गाव आणि गावावरून भावकी ओळखतो. तासगावचा एक आणि विट्याचा दुसरा घेतला तरी दुसऱ्याची बहीण पहिल्याच्या वाड्यात दिलेली निघते. म्हणून गट ठरण्याआधी प्रत्येकाशी स्वतंत्र ४५ मिनिटांची भेट हवी. त्यात गाव, सासर, आजोळ, कामाचं ठिकाण विचारून घ्यायचं आणि धागे जुळत असतील तर दोघांना वेगळ्या गटांत टाकायचं. गुप्ततेची शपथ सगळे घेतात; पण जिथं शपथ मोडायचा मोह फार, तिथं मोहच टाळलेला बरा. गटातलं बाहेर न्यायचं नाही, हा नियम दर बैठकीला पुन्हा सांगायचा, आणि त्याचा नेमका अर्थही: "आज एकानं असं केलं" हेसुद्धा घरी सांगायचं नाही, नाव वगळूनही नाही.

याच भेटीत कुणाला या गटात आत्ता घ्यायचं नाही, हेही ठरतं. भास-भ्रम चालू असलेला, उन्मादाच्या झटक्यात असलेला, दारू उतरलेली नसलेला, चार दिवसांपूर्वी आघात झालेला, जीव देण्याचा बेत मनात घोळवणारा, अशांना आधी मानसोपचारतज्ज्ञाचं औषध, सोबत आणि सुरक्षितता लागते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावलेला असावा. तीव्र हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर अंगावर ताण येणारे प्रसंग घेऊ नयेत.

आत घेतलेल्या माणसाचंही पाणी किती चढलंय, ते सारखं बघावं लागतं. सांगलीकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा, ४५ फुटांवर धोका. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा काय झालं, हे इथल्या घराघराच्या भिंतींनी पाहिलंय. सूत्रधार मधूनमधून विचारतो, "शून्य ते दहामध्ये आत्ता किती?" पाच-सहापर्यंत काम चांगलं होतं. सातला इशारा: वेग कमी करायचा, बसवायचं, पाय जमिनीला टेकवायला सांगायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावायची. नऊ म्हणजे प्रसंग थांबला. पण आकड्यावर विसंबू नये. काही माणसं बधिर होतात, नजर एका जागी खिळते, आवाज सपाट होतो आणि आकडा मात्र दोन सांगतात. ते दोन सगळ्यांत धोक्याचे.

आता एक प्रसंग रचून पाहू. हा कुणा एकाचा नाही. या भागातल्या घरांत ज्या गाठी दिसतात त्यांतून बांधलेला आहे. चव्वेचाळीस वर्षांचा द्राक्ष बागायतदार. थोरल्या भावाशी, अण्णाशी, दोन वर्षं बोलणं बंद. कारण विहिरीचं पाणी: मोटर सामाईक, पाळी ठरलेली, ऐन फळछाटणीच्या दिवसांत पाळी चुकली आणि बांधावर बाचाबाची झाली. वडील, तात्या, तीन वर्षांपूर्वी गेले. पोटात जळजळ, रात्री अडीचला जाग. तपासण्या सगळ्या ठीक. घरचे म्हणतात, नाटकं.

सुरुवात थेट अण्णापासून करायची नसते. आधी गट गरम व्हावा लागतो. खोलीच्या एका भिंतीला 'अजिबात नाही', समोरच्या भिंतीला 'पुरेपूर' ठरवून विचारायचं, "घरात माझं ऐकलं जातं, असं किती वाटतं? त्या जागी उभे राहा." माणसं चालतात, एकमेकांकडे बघतात, शेजारी कोण उभं राहिलंय त्याच्याशी दोन मिनिटं बोलतात. असे तीन प्रश्न पुरतात. मग सूत्रधार विचारतो, आज कुणाला काम करायचंय? तिघं हात वर करतात. तिघांनी एकेका वाक्यात विषय सांगायचा आणि बाकीच्यांनी ज्याचा विषय आपल्यालाही भिडतो त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. जिथं जास्त हात, तो आजचा नायक. ही निवड सूत्रधारानं स्वतःच्या आवडीनं केली, तर गट प्रेक्षक होऊन बसतो.

धाकट्याच्या खांद्यावर पाच हात पडले असं धरू. सूत्रधार त्याच्यासोबत रंगमंचभर गोल चालतो. चालता चालता बोलणं सुटतं. समोरासमोर बसवलं की मुलाखत होते. "कुठला प्रसंग?" "विहिरीवरचा." "दाखवा विहीर." आता पाच-सात मिनिटं फक्त जागा मांडायची. विहीर कुठं, मोटरचा स्टार्टर कुठं, कुठली वेळ, ऊन कुठून येतंय, बागेतून औषध फवारल्याचा वास येतोय का. ही पाच मिनिटं वाया जाताहेत असं नवख्याला वाटतं. उलट इथं घाई केली की पुढचं सगळं तोंडातल्या तोंडात राहतं. स्टार्टरच्या पेटीला झाकण नाही, प्लास्टिकची पिशवी बांधलीय, हे आठवलं की अंग त्या दिवसात जातं. आणि क्रियापद बदलायचं. "मी म्हणालो होतो" नको. "म्हणा. आत्ता म्हणा."

अण्णा म्हणून गटातला कुणीतरी त्यानंच निवडायचा. मग धाकट्याला आधी त्याचं स्वतःचं बोलून घेऊ द्यायचं. "पाळी माझी हुती. तू रातीत मोटर चालू केलीस. माझी बाग बघितलीस का?" हे पूर्ण व्हायच्या आधी अदलाबदल केली तर माणसाला वाटतं, इथंही आपल्यालाच समजून घ्यायला सांगताहेत. घरी धाकट्यानं आयुष्यभर तेच केलेलं असतं.

त्याचं बोलून झालं, आवाज थोडा खाली आला, की सूत्रधार म्हणतो, "जागा बदला." या दोन शब्दांवर सगळी पद्धत उभी आहे. झेर्का मोरेनो, जेकबची पत्नी आणि त्याच्यानंतर चार दशकं हे काम पुढं नेणारी, तिनंही भूमिकेच्या अदलाबदलीलाच यातलं सर्वांत जोरकस साधन मानलं.

अदलाबदल कशी करायची, यात बारकावे आहेत. धाकटा खरोखर उठून अण्णाच्या जागी जातो. बसल्या जागी "समजा तुम्ही अण्णा आहात" म्हणून चालत नाही. तो अण्णासारखा उभा राहतो: हात पाठीमागं, वजन डाव्या पायावर. अंग बसलं की शब्द येतात. सूत्रधार लगेच भांडणाकडे वळत नाही. आधी त्या पात्राची ओळख काढतो. "अण्णा, नमस्कार. वय काय तुमचं? मुलं किती? शेवटचे पोटभर झोपला होता कधी?" चार प्रश्नांत माणूस भूमिकेत शिरतो. तरीही तो घसरतो. "अण्णा म्हणेल की..." असं सुरू झालं, की थांबवायचं. "अण्णा तुम्हीच. मी म्हणून बोला."

"तुमचा धाकटा समोर उभा आहे. त्याला काय सांगायचं राहिलंय?"

इथं बहुतेक वेळा शांतता पडते. दहा, वीस, कधी तीस सेकंद. ती भरायची नाही. नवखा सूत्रधार इथं सुचवून मोकळा होतो, "तुम्हालाही वाईट वाटलं असेल ना?" आणि सगळं नासतं. थांबलं, तर काहीतरी वेगळं येतं.

"ह्याला काय सांगू? तात्या गेले तवा ह्यो आत, तात्यांजवळ हुता. मी बाहेर कागदावर सह्या करत हुतो. मला त्यांचा हातसुदीक धराय मिळाला न्हाई."

हे वाक्य धाकट्याच्या तोंडून आलं. ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक आहे, हे ठाऊक नव्हतं. पुन्हा जागा बदलतात. अण्णा झालेला साहाय्यक शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणतो, त्याच हेलात, हात पाठीमागं ठेवून. यात स्वतःची भर घालायची नाही. साहाय्यक पात्रांची सर्वांत नेहमीची चूक हीच. नट होण्याची हौस असलेला माणूस पाच वाक्यं जोडतो, माफी मागतो, रडतो, आणि नायकाचा अण्णा बाजूला राहून साहाय्यकाचा स्वतःचा भाऊ तिथं येऊन बसतो. आता आपल्या जागी उभा असलेला धाकटा ते वाक्य ऐकतो. बोलताना जे कळलं नाही ते ऐकताना कळतं.

इथं एक गोष्ट फार नीट धरून ठेवायला हवी. हे खऱ्या अण्णाचं म्हणणं आहे, असं कुणीही समजू नये. हा धाकट्याच्या मनात राहणारा अण्णा. तीस-चाळीस वर्षं एका घरात राहिल्यावर आपण समोरच्याला जितकं मान्य करतो त्यापेक्षा जास्त ओळखत असतो, आणि ती ओळख अदलाबदलीत वर येते. पण ती ओळखच; साक्ष नव्हे. म्हणूनच ज्यानं मारहाण केली, अत्याचार केला, त्याच्या जागी बळी पडलेल्या माणसाला सुरुवातीच्या बैठकांमध्ये कधीही उभं करू नये. तिथं आधी त्याचं स्वतःचं बळ उभं राहायला हवं. अत्याचार करणाऱ्याच्या मनात शिरायला लावणं म्हणजे जुन्याच सवयीला पाणी घालणं.

बाकीची साधनं या एका साधनाच्या मदतीला असतात. माणूस बोलता बोलता अडला, की 'डबल' येतो: गटातला एक जण त्याच्या खांद्यामागं थोडा तिरका, त्याच्याच पवित्र्यात उभा राहतो आणि आत अडकलेलं 'मी' म्हणून बोलतो. नाटकातला प्रॉम्प्टर लिहिलेलं पुरवतो, डबल न बोललेलं पुरवतो. आणि प्रत्येक वाक्यानंतर नायकाला हक्क असतो: बरोबर असेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा, चुकलं असेल तर खोडा. खोडून काढलेलं वाक्यही कामाचं असतं. बरोबर काय ते त्यातून सापडतं. स्वगत तर आपल्या नाटकवेड्या माणसाला शिकवावंच लागत नाही. "प्रसंग थांबला. चालत चालत मनातलं मोठ्यानं बोला," म्हटलं की पुरे.

आरसा हे साधन मात्र जपून. नायकाला बाहेर बसवून दुसऱ्यानं त्याचा प्रसंग करून दाखवायचा, म्हणजे तो स्वतःला लांबून बघतो. फार भरून आलेल्या किंवा एकाच वाक्यात अडकलेल्या माणसाला त्याचा फायदा होतो. पण आपल्याकडे नकलेची परंपरा जबर आहे. साहाय्यकानं जरा रंग चढवला की गट हसतो, आणि ज्याला घरी नाटकी म्हणतात त्याला इथंही तेच ऐकू येतं. आरशात साठ टक्केच दाखवायचं, हा चांगला नियम.

मग तात्यांचा प्रसंग. जे कधी घडलंच नाही, आता घडूही शकणार नाही, ते रंगमंचावर घडवता येतं. धाकटा तात्यांच्या खाटेजवळ बसतो आणि या वेळी अण्णालाही आत बोलावतो. तात्यांची भूमिका साहाय्यकाकडे असली तरी तात्या काय म्हणतात ते धाकट्यानंच, तात्यांच्या जागी आडवं पडून, ठरवायचं. मेलेल्या माणसाच्या तोंडून साहाय्यकानं दिलेली क्षमा खोटी असते आणि ती दोन दिवसही टिकत नाही. तात्या काहीच बोलले नाहीत, नुसतं दोघांचे हात धरले, तरी चालतं.

इथं रडू येतं. येऊ द्यावं. पण रडणं म्हणजे काम फत्ते, हा गैरसमज या पद्धतीच्या वाटेत सर्वांत जास्त येतो. उशीवर ठोसे मारून राग संपतो, ही समजूतही प्रयोगांत टिकलेली नाही. नुसता ओकलेला राग कधी कधी सरावानं वाढतो. मोरेनोलाही उमाळ्यानंतरचा भाग महत्त्वाचा वाटे: मोकळं झाल्यावर माणूस नवं काय करून बघतो. म्हणून रडणं ओसरलं की धाकट्याला पुन्हा विहिरीवर न्यायचं. तोच स्टार्टर, तीच पिशवी. "आता काय म्हणाल?" पहिल्या वेळी तो आवाज चढवून बोलला होता. आता कदाचित म्हणेल, "अण्णा, पाण्याचं नंतर बघू. दमलायस तू." किंवा म्हणेल, "पाळी माझी हुती आणि ते मी सोडणार न्हाई." दोन्ही नवीन आहेत. दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा कमी प्रतीचं समजायचं कारण नाही. सलोखा हे सूत्रधाराचं स्वप्न असू शकतं, माणसाचं असेलच असं नाही.

प्रसंग संपला की खुर्च्या पुन्हा गोलात. आता गट बोलतो, आणि आपल्याकडे सगळ्यांत अवघड भाग हाच, कारण सल्ला देणं आपल्या रक्तात आहे. "असं करा, भावाला चहाला बोलवा, विषय संपला." हे पहिल्या शब्दाला थांबवावं लागतं. नियम एकच: धाकट्याबद्दल काही बोलायचं नाही, त्याच्या प्रसंगानं तुमच्या आयुष्यातलं काय हललं ते 'माझ्या' पासून सुरू करून सांगायचं. प्रत्येकाला एक-दोन मिनिटं. "माझ्या आईच्या वेळी मी दवाखान्यात पोचलोच नाही." एवढंच. नऊ जणांची नऊ वाक्यं ऐकली की धाकटा एकटा राहत नाही. विश्लेषण, निदान, "तुझ्यात अपराधभाव आहे" असली भाषा त्या दिवशी पूर्ण वर्ज्य. ज्यानं कातडी उतरवलीय त्याच्यावर टीप लिहायची नसते.

त्याआधी किंवा त्यासोबत भूमिका उतरवणं. नट रंगपटात जाऊन रंग उतरवतो, तसंच हे, आणि यात कुचराई झाली की साहाय्यक आजारी पडतात. अण्णा झालेल्या माणसानं ओढणी परत द्यायची, खांद्यावरून हात झटकायचे, आपलं नाव घ्यायचं: "मी अण्णा नाही. मी अमुक, माझं गाव अमुक, मला दोन मुली." धाकट्याकडे बघूनच म्हणायचं, म्हणजे त्यालाही समोर अण्णा दिसायचा थांबतो. निष्ठुर बापाची भूमिका केलेला माणूस न उतरवता घरी गेला, तर त्या रात्री त्याच्या स्वतःच्या घरात आवाज चढतो. सूत्रधारानं दुसऱ्या दिवशी नायकाला आणि मोठ्या भूमिका केलेल्या एक-दोघांना फोन करायचा. झोप लागली का, जेवलात का, एवढंच विचारायचं.

एकट्या माणसासोबत, दहा बाय दहाच्या सल्लाकक्षातही यातलं बरंच करता येतं. दोन खुर्च्या पुरतात. समोरच्या रिकाम्या खुर्चीत कुणी बसलंय असं धरून बोलण्याचं तंत्र फ्रिट्झ पर्ल्स या मानसोपचारतज्ज्ञामुळे गाजलं, पण त्याचं मूळ मोरेनोकडे आहे. फक्त एकट्यानं करताना सगळ्या भूमिका त्या माणसालाच कराव्या लागतात. तो लवकर थकतो, म्हणून वीस मिनिटांपलीकडे ताणू नये.

कार्यशाळेत दोन दिवस बसून कुणी सूत्रधार होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. अमेरिकेतल्या मनोनाट्याच्या परीक्षक मंडळाची अट किमान ७८० तासांच्या प्रशिक्षणाची आहे, आणि त्यात स्वतः नायक होऊन काम करणंही आलं. परिणामांवरचं संशोधन उत्साहवर्धक असलं तरी मोठ्या, काटेकोर चाचण्या थोड्या आहेत. औषधं बंद करून कुणी यामागं लागू नये. शिक्षकांनी, समुपदेशकांनी, आशाताईंनी बिनधोक वापरावा असा यातला भाग म्हणजे भूमिकेचा सराव. नकार कसा द्यायचा, बँकेत हप्त्याची मुदत वाढवून कशी मागायची, "घोटभर घे रे" म्हणणाऱ्या दोस्ताला काय म्हणायचं. प्रसंग दोन-तीन मिनिटांचा, एका वेळी एकच गोष्ट सुधारायची, आवाज तर आवाज, नजर तर नजर, आणि तोच प्रसंग किमान तीनदा. पहिल्यांदा माणूस हसतो, दुसऱ्यांदा अडखळतो, तिसऱ्यांदा त्याचे स्वतःचे शब्द येतात. जड जखमा उघडायच्या नाहीत, मेलेल्यांना बोलवायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

धाकट्यालाही शेवटी याच सरावाकडे यावं लागतं. बैठक संपल्यावर त्याला त्याच संध्याकाळी अण्णाच्या दारात जावंसं वाटतं. जवळपास सगळ्यांना वाटतं. त्याला थांबवायचं. त्यानं अण्णाच्या जागी उभं राहून पाहिलंय. अण्णानं त्याच्या जागी उभं राहून पाहिलेलं नाही. अण्णाच्या घरी अजून दोन वर्षांपूर्वीचाच बांध आहे. तिथं जाऊन "मला कळलंय, तुला तात्यांचा हात धराय मिळाला न्हाई" असं म्हटलं, तर अण्णा विचारेल, "तुला कुणी सांगितलं?" आणि तिथून भांडण नव्यानं सुरू होईल. आठ दिवस काही करायचं नाही, कुठला निर्णय नाही, कागदावर सही नाही, वाटणीचा विषय नाही. पुढच्या बैठकीत दहा मिनिटं फक्त पहिलं वाक्य बसवायचं. ते तात्यांबद्दल नको, माफीबद्दल नको. धाकटा पाच वाक्यं करून बघतो, प्रत्येक वेळी अण्णाच्या खुर्चीत बसून ते ऐकतो आणि कुठल्या वाक्याला अण्णाचे पाठीमागचे हात सुटतात ते पाहतो. चार वाक्यांना सुटत नाहीत. पाचव्याला सुटतात: "अण्णा, मोटरचं बिल आलंय. बघाय येतोस काय?"